पॉवर स्टीअरिंग देणारा फ्रान्सिस डेव्हिस: जुन्या गाडीचं स्टीअरिंग जड का होतं?

गेल्या मे महिन्यात मालवणला घरी गेलो, तेव्हा कळलं की बाबांनी फोंडा घाटातून गाडी नेणं बंद केलंय. खांदे भरून येतात, आता वय झालं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सगळ्यांनी ते मान्यही करून टाकलं. मग एकदा बाजारात मी स्वतः ती गाडी वळवायला घेतली आणि माझ्याच हातांना घाम फुटला. माझं वय अजून तिशीच्या आत आहे. म्हणजे दुखणं बाबांच्या खांद्यात नव्हतं, गाडीत होतं.

मी सॉफ्टवेअरवाला. बग शोधताना सिस्टिम मुळात कशी बांधलीय ते आधी बघायची सवय. पॉवर स्टीअरिंगचा माग काढत मागे गेलो आणि फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरपाशी पोचलो. त्याची गोष्ट कळली की गाडीतला बिघाड शोधणं बरंच सोपं होतं.

ट्रकवाल्यांचे दुखरे हात

डेव्हिसचा जन्म १८८७ चा. हार्वर्डमध्ये इंजिनिअरिंग शिकून तो पिअर्स-ॲरो या गाड्यांच्या कंपनीत लागला आणि पुढे तिथल्या ट्रक विभागात मोठ्या पदावर गेला. तेव्हाचे ट्रक वळवायला पैलवानच लागायचा. खड्ड्यात चाक आपटलं की स्टीअरिंग हातातून हिसकलं जायचं. हे रोज बघून डेव्हिसच्या डोक्यात एकच प्रश्न बसला: इंजिनात एवढी ताकद आहे, मग त्यातली थोडी चालकाच्या हाताला का देऊ नये?

१९२२ मध्ये त्याने चांगली नोकरी सोडली. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावात छोटं वर्कशॉप भाड्याने घेतलं. सोबतीला जॉर्ज जेसप नावाचा कसबी कारागीर होता.

एक उलटा विचार

स्टीअरिंगला यंत्राची मदत द्यायचे प्रयत्न आधीही झाले होते. तेलाच्या दाबाने मदत द्यायची तर सरळ मार्ग एकच दिसतो: तेल सतत दाबाखाली साठवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा व्हॉल्व्ह उघडायचा. पण दाब कायम असला की तेल कुठून ना कुठून गळणारच.

डेव्हिसने हे उलटं केलं. त्याच्या रचनेत व्हॉल्व्ह मुळात उघडाच असतो. पंप चालू असतो आणि तेल दाबाशिवाय नुसतं गोल फिरत राहतं. तुम्ही स्टीअरिंग वळवलं की व्हॉल्व्ह एका बाजूचा रस्ता बंद करू लागतो, तिथे दाब वाढतो आणि तो दाब चाकांना ढकलतो. हात थांबला की दाब उतरला. शिवाय स्टीअरिंग आणि चाकांचा लोखंडी जोड तसाच राहतो. इंजिन बंद पडलं तर स्टीअरिंग जड होईल, पण गाडी वळेल.

१९२५ मध्ये हे यंत्र पिअर्स-ॲरोच्या एका रनअबाउट गाडीत बसलं. १९२६ मध्ये डेव्हिसने डेट्रॉईटच्या कंपन्यांना ते दाखवलं आणि जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला. आता सगळं जमलं असं वाटत असतानाच मंदी आली. खर्च परवडत नाही म्हणून १९३४ मध्ये कंपनीने करार मोडला. बारा वर्षांची मेहनत, आणि रस्त्यावर विकलेली एकही गाडी नाही.

डेव्हिस १९३६ मध्ये बेंडिक्स कंपनीकडे गेला. मग दुसरं महायुद्ध आलं. चिलखती गाड्या इतक्या जड की पॉवर स्टीअरिंगशिवाय त्या वळवणं मुश्कील. त्याचं यंत्र हजारो लष्करी गाड्यांमध्ये चाललं. पण सामान्य ग्राहकांपर्यंत ते पोचलं १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमधून, तेही त्याच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे. त्यानंतर जनरल मोटर्सही त्याच्याकडे परत आली आणि १९५२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचं काम दिसलं. सुरुवातीपासून तीस वर्षं झाली होती. १९७८ मध्ये डेव्हिस वारला.

आता तुमची गाडी बघा

जुन्या हायड्रॉलिक स्टीअरिंगची रचना आजही तीच आहे: पंप, तेल, व्हॉल्व्ह. म्हणून तपासायचा क्रमही त्यातूनच निघतो.

- आधी टायरची हवा बघा. हवा कमी असली तरी स्टीअरिंग जड लागतं.
- दोन्ही बाजूंना जड लागत असेल तर संशय पंपावर, त्याच्या बेल्टवर किंवा कमी तेलावर.
- एकाच बाजूला जड असेल तर व्हॉल्व्ह किंवा स्टीअरिंग बॉक्समधली सील.
- पूर्ण वळवल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला तर बेल्ट घसरतोय.
- रेस केल्यावर वाढणारी घुंऽऽ आणि डब्यातल्या तेलावर फेस असेल तर तेलात हवा शिरलीय. तेल कमी असेल, नाहीतर पाईपचा जोड ढिला असेल.
- तेल संपत आलं असताना गाडी चालवू नका. पंपाचं वंगण तेच आहे. तेल कुठलं भरायचं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं.
- स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवून दाबून धरू नका, तेल तापतं.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रिक स्टीअरिंग असतं. तिथे तेल नाहीच, त्यामुळे टायरच्या हवेचा मुद्दा सोडला तर ही यादी त्यांना लागू नाही.

आमच्या गाडीत दोन्ही बाजूंना जड, वर घुंऽऽ आवाज. बॉनेट उघडून बघितलं तर तेल तळाला गेलेलं. समुद्राच्या खाऱ्या हवेने परतीच्या पाईपचा क्लॅम्प गंजला होता आणि तिथून तेल थेंबथेंब पाझरत होतं. इतकं हळू की स्टीअरिंग रोज थोडं जड होतंय हे बाबांना जाणवलंच नाही. त्यांनी दोष स्वतःच्या खांद्यांना दिला आणि आम्ही माना डोलावल्या. मेकॅनिकने क्लॅम्प बदलला, तेल भरलं, हवा काढली. अर्ध्या दिवसाचं काम.

पुढच्या आठवड्यात बाबा स्वतः गाडी घेऊन कोल्हापूरला जाऊन आले, फोंडा घाटातूनच. तुमच्या घरीही कोणी गाडी चालवणं हळूहळू सोडत असेल, तर एकदा बॉनेट उघडून बघा.