माल्टाच्या तापाचा माग काढणारे सर डेव्हिड ब्रूस

हिवाळा सुरू झाला की आम्ही रियाधकर मंडळी सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर वाळवंटात फेरफटका मारतो. वाटेत उंटांचे कळप दिसतात आणि राखणदार मोठ्या अगत्याने फेसाळत्या दुधाचे भांडे पुढे करतो. धारोष्ण दुधाची महती ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना नाही म्हणणे जड जाते. अशा वेळी आठवावे असे एक नाव म्हणजे सर डेव्हिड ब्रूस.

ब्रूस यांचा जन्म २९ मे १८५५ रोजी मेलबर्न येथे स्कॉटिश कुटुंबात झाला. लहानपणीच ते स्कॉटलंडला आले. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी मँचेस्टरला नोकरी धरली. पण पुढे ते पुन्हा शिक्षणाकडे वळले आणि १८८१ साली एडिंबरो येथे डॉक्टर झाले. १८८३ मध्ये लष्करी वैद्यकीय सेवेत प्रवेश आणि मेरी एलिझाबेथ स्टील यांच्याशी विवाह या दोन्ही गोष्टी घडल्या. पुढच्याच वर्षी हे दांपत्य भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर दाखल झाले.

तेथील गोऱ्या सैनिकांना एका विचित्र तापाने पछाडले होते. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. घामाने अंथरूण भिजे, सांधे धरत आणि माणूस महिनोन्‌महिने खाटेला खिळे. या तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून ब्रूस यांनी १८८७ साली रोगाचा सूक्ष्म जंतू वेगळा काढला. प्रयोगशाळेत मेरीबाई त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करीत. जंतू सापडला, पण तो माणसाच्या शरीरात शिरतो कोठून, हे कोडे मात्र सुटेना.

मध्यंतरी ब्रूस दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे गुरांना होणारा नगाना हा रोग त्सेत्से माशीमुळे पसरतो, हे त्यांनी दाखवून दिले. लेडीस्मिथच्या वेढ्यात त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, तर मेरीबाईंनी शुश्रूषा केली.

१९०४ साली माल्टाच्या तापाच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि ब्रूस त्याचे प्रमुख झाले. कोडे सोडवले ते आयोगातील माल्टाच्याच एका डॉक्टरांनी. थेमिस्टोक्लीस झामित यांना १९०५ साली आढळले की, बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात हा जंतू आहे. तो त्यांच्या दुधातूनही बाहेर पडत होता. लष्कराने १९०६ साली शेळीचे दूध बंद केले आणि सैनिकांतील ताप जवळजवळ नाहीसा झाला. मात्र बेटावरील सामान्य जनता दारात पिळलेले दूध पीतच राहिली आणि तिच्यातील ताप पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला. डोळ्यांसमोर काढलेले दूध शुद्धच असणार, हा समज शास्त्रापेक्षा बळकट ठरला!

ब्रूस यांना १९०८ साली ‘सर’ हा किताब मिळाला. या जंतूंच्या कुळाला पुढे ब्रुसेला हे नाव देण्यात आले. झामित यांचे नाव मात्र त्या मानाने मागे राहिले, याची आम्हांस खंत वाटते. २३ नोव्हेंबर १९३१ रोजी मेरीबाई वारल्या. अवघ्या चार दिवसांनी, २७ तारखेला, ब्रूस यांनीही जगाचा निरोप घेतला.

हा रोग इतिहासजमा झालेला नाही. सौदी अरेबियात आजही त्याचे रुग्ण आढळतात. उंटीण असो, शेळी असो वा गाय, कच्चे दूध आणि त्याचे चीज ही त्याची मुख्य वाट. जनावराची वार किंवा गाभडलेले पिल्लू उघड्या हाताने उचलल्यानेही तो जडतो. म्हणून गोठ्यांवर आणि कत्तलखान्यांत राबणाऱ्या आपल्या बांधवांनी हातमोजे वापरावेत. ताप येत-जात राहिला, रात्री घाम फुटू लागला, कंबर व सांधे दुखू लागले, तर डॉक्टरांना कच्च्या दुधाची किंवा जनावरांच्या संपर्काची हकीकत आपणहून सांगावी. औषधे साधारणतः सहा आठवडे घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नयेत, नाहीतर ताप उलटतो.

दूध तापवून, साय धरू देऊन मगच वापरण्याची आपल्या आयाबायांची रीत किती शहाणपणाची आहे, हे यावरून ध्यानात येईल. वाळवंटातील त्या यजमानाचे आभार जरूर मानावेत. दूध मात्र घरी आणून उकळूनच प्यावे.