कापसाच्या पेढीवरून कायदेमंडळात : सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास

मुंबईच्या ज्या व्यापाऱ्यांनी पेढीबरोबरच देशाचाही जमाखर्च डोळ्यांत तेल घालून पाहिला, त्यांत सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांचे नाव अग्रभागी आहे. ३० मे १८७९ रोजी जन्मलेल्या पुरुषोत्तमदासांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि नारणदास राजाराम आणि कंपनी या घरच्या पेढीत कापसाच्या व्यापारास प्रारंभ केला. पुढे ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनची धुरा त्यांनी प्रदीर्घ काळ वाहिली.

गुजरातेतील १९११-१२ च्या दुष्काळात त्यांनी मदतकार्यास वाहून घेतले. १९१६ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात गेले आणि १९२० मध्ये मुंबईचे शेरीफ झाले. हे पद वर्षभराचे व केवळ मानाचे; अधिकार नाममात्र, परंतु प्रतिष्ठा मोठी. १९२३ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. असहकार चळवळीला त्यांनी उघड विरोध केला होता. त्यामुळे ते सरकारधार्जिणे आहेत, असा अनेकांचा ग्रह झाला.

त्यांच्या निष्ठेची खरी कसोटी १९२६ मध्ये लागली. हिल्टन यंग चलन आयोगाने १ रुपयाचा दर १८ पेन्स ठेवण्याची शिफारस केली. महायुद्धापूर्वी अनेक वर्षे हा दर १६ पेन्स होता. दोन पेन्सांचा हा फरक दिसायला किरकोळ. परंतु हिशेब निराळाच होता. विलायतेत १६ पेन्सांना विकल्या जाणाऱ्या कापसाचा जेथे पूर्ण रुपया हाती येत असे, तेथे नव्या दराने जेमतेम सव्वाचौदा आणे येणार होते. उलट विलायती कापड त्याच प्रमाणात स्वस्त होणार होते. म्हणजे शेतकरी आणि देशी गिरणी, दोघांवरही आघात! आयोगातील अन्य भारतीय सदस्यांनी बहुमताच्या अहवालावर सह्या केल्या. पुरुषोत्तमदासांनी मात्र एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली आणि १६ पेन्सचा आग्रह धरला. ज्या सरकारने त्यांना मानाची पदे दिली, त्याच सरकारशी ते मध्यवर्ती कायदेमंडळात आकड्यांनिशी झगडले. १९२७ मध्ये थोड्याच मतांनी सरकारचा विजय झाला आणि १८ पेन्सचा दर कायम झाला. पुरुषोत्तमदासांच्या हयातीत तो बदलला नाही.

पराभवाने ते खचले नाहीत. त्याच वर्षी घनश्यामदास बिर्ला आदींसमवेत त्यांनी भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघ उभा केला. गोलमेज परिषदेत त्यांनी व्यापारी वर्गाची बाजू मांडली. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक स्थापन झाल्यावर तिच्या मध्यवर्ती संचालक मंडळात त्यांनी काम केले. १९४४ च्या 'बॉम्बे प्लॅन'वर जे. आर. डी. टाटा, शेठ कस्तुरभाई लालभाई प्रभृतींबरोबर त्यांचीही स्वाक्षरी होती.

४ जुलै १९६१ रोजी त्यांचे निधन झाले. मानाचे पद स्वीकारूनही मत गहाण न टाकणे, हीच त्यांच्या आयुष्याची खरी शिल्लक होय. सार्वजनिक संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने ती जपून ठेवावी अशीच आहे.