वाल्डेमार हाफकिन : पटकीशी झुंजलेला माणूस आणि आतड्यातले पहारेकरी

विद्यार्थी मित्रांनो, आपला सोलापूर जिल्हा म्हटला की पंढरपूर आलंच. आषाढीला लाखो वारकरी येतात आणि दर्शन घेऊन सुखरूप घरी परततात. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मोठी यात्रा म्हटली की लोकांच्या मनात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची धास्ती असायची. दूषित पाण्यातून जंतू पोटात जात. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी संध्याकाळपर्यंत दगावत असे. यात्रेकरूंबरोबर रोगही गावोगावी पोहोचत असे. या पटकीवर लस घेऊन भारतात आलेल्या एका परदेशी माणसाची ही ओळख. मुंबईच्या परळमधल्या हाफकिन संस्थेला ज्यांचं नाव आहे, तेच हे वाल्डेमार हाफकिन.

बालपण आणि गुरू

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. ते डॉक्टर नव्हते बरं का! ते प्राणिशास्त्र शिकले. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना एली मेचनिकॉफ हे गुरू लाभले.

या गुरूंचा एक प्रयोग लक्षात ठेवा. १८८२ साली सिसिली बेटावर मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तर काय, शरीरातल्या फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या! शरीरात पहारेकरी पेशी असतात आणि त्या संकटाच्या जागी स्वतः चालत जातात, हे त्यातून समजले. पुढे १९०८ साली मेचनिकॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण एक प्रश्न मागे उरला. या पेशींना रस्ता दाखवतो कोण?

पॅरिस आणि पहिली लस

ज्यू असल्यामुळे हाफकिन यांना रशियात चांगली नोकरी मिळणे अवघड होते. धर्म बदलला असता तर मार्ग मोकळा झाला असता, पण ते त्यांना मान्य नव्हते. १८८८ साली त्यांनी देश सोडला. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना काम मिळाले, तेही ग्रंथालयात सहायक म्हणून! दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. अशा कष्टातून त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली.

भारतात

१८९३ साली ते कोलकात्याला आले. लोक सुईला घाबरत. म्हणून आधी स्वतः आणि सोबतचे भारतीय डॉक्टर सर्वांसमोर लस टोचून घेत, मग वस्तीत काम सुरू होई. एकाच वस्तीतले, एकाच घरातले लस घेतलेले आणि न घेतलेले लोक यांची ते तुलना करत. पाणी तेच, अन्न तेच, फरक फक्त लसीचा. बघा, किती साधी आणि किती अचूक पद्धत!

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली अपुरी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर काम सुरू झाले. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचली. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली.

खोटा ठपका

मग १९०२ साल उजाडले. पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने मरण पावले. ठपका आला परळच्या प्रयोगशाळेवर. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. प्रत्यक्षात ती एकच बाटली दूषित झाली होती. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले, तरी निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. त्यानंतर ते पुन्हा कोलकात्यात आले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे त्यांचे निधन झाले. परळच्या संस्थेला १९२५ सालीच त्यांचे नाव देण्यात आले होते.

राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर

आता मुद्द्याची गोष्ट. हाफकिन यांच्या लसीने अनेक जीव वाचले, पण पटकीपासून मिळणारे संरक्षण अपुरे होते आणि फार काळ टिकत नसे. असं का? पटकीचा जंतू रक्तात शिरत नाही. तो लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो आणि तिथूनच विष सोडतो. दंडात टोचलेल्या सुईने रक्तात पहारा वाढतो, पण आतड्याच्या अस्तरावर फारसा नाही. म्हणजे चोर मागच्या दाराने येतोय आणि पहारा पुढच्या दाराला!

मग आतड्यात पहारेकरी पोहोचतात कसे? शेंगाची चटणी कुटत असतील तर वासावरून तुम्ही बरोबर त्या घरी पोहोचता. जवळ जाल तसा वास वाढतो, हो ना? आतड्याचे अस्तरही असाच ‘वास’ सोडते. या रेणूंना केमोकाइन म्हणतात. तो ओळखणारे ‘नाक’ पहारेकरी पेशींवर असते, त्याला रिसेप्टर म्हणतात. लहान आतडे सीसीएल-२५ नावाचा केमोकाइन सोडते आणि सीसीआर-९ हा रिसेप्टर असलेल्या पेशी त्या दिशेने जातात. सोबत आतड्यातल्या रक्तवाहिनीला पकडणारा एक आकडाही त्यांच्यावर असतो.

हे नाक आणि हा आकडा पेशींना मिळतो कुठे? आतड्याजवळच्या ग्रंथींमध्ये, ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या एका पदार्थामुळे. उंदरांवरच्या अभ्यासातून हे समजले. म्हणजे गाजर, पालक, शेवग्याचा पाला, पपई यांचा संबंध डोळ्यांइतकाच आतड्याच्या पहाऱ्याशीही आहे.

म्हणूनच आज पटकीची लस तोंडावाटे देतात, म्हणजे आतड्यातच पेशी तयार होतात आणि आतड्याचा पत्ता शिकतात. अशा एका भारतीय लसीची मोठी चाचणी २००६ साली कोलकात्याच्या वस्त्यांमध्येच सुरू झाली. पाच वर्षांनंतरही तिचे संरक्षण सुमारे ६५ टक्के होते. ज्या शहरात हाफकिन सुई घेऊन फिरले, तिथेच त्यांचे अपुरे राहिलेले काम पुढे गेले.

मित्रांनो, हाफकिन यांना सीसीआर-९ माहीत नव्हता. पण लस आधी स्वतः घ्यायची, मग मोजायचे, तुलना करायची आणि आरोप झाला तरी पुराव्यावर उभे राहायचे, हे त्यांना माहीत होते. त्यांच्याकडून आपण हेच शिकायचं.

विचार करा :
१) हाफकिन एकाच घरातल्या लोकांची तुलना का करत असतील?
२) पोलिओचा विषाणूही आतड्यात वाढतो. मग त्याची लस थेंबांच्या रूपात तोंडातून देण्याचा फायदा काय?
३) लस असली तरी वारीत स्वच्छ पाणी आणि शौचालये का लागतात?