विश्लेषण : ट्रॅक्टरवाल्या फर्ग्युसन यांनी ‘फोर बाय फोर’ला डांबरी रस्ता कसा मिळवून दिला?

अनेक ‘फोर बाय फोर’ गाड्यांत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा किंवा गोल बटण असते. ‘२ एच’, ‘४ एच’, ‘४ एल’. कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘४ एच’ लावू नका, असे अशा गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत बजावलेले असते. याच अडचणीवर हॅरी फर्ग्युसन यांनी आयुष्याची शेवटची दहा वर्षे खर्च केली. आपल्या शेतकऱ्यांना हे नाव ‘मॅसी फर्ग्युसन’ ट्रॅक्टरमुळे ठाऊक आहे.

कोण होते फर्ग्युसन?

जन्म ४ नोव्हेंबर १८८४, आयर्लंडमधल्या काउंटी डाउनच्या शेतकरी कुटुंबात. शेतीत मन रमेना, म्हणून ते बेलफास्टला भावाच्या गॅरेजमध्ये गेले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी स्वतः बांधलेले विमान उडवले. आयर्लंडमधले ते पहिले विमानोड्डाण. पुढे त्यांनी नांगर तीन सांध्यांनी थेट ट्रॅक्टरला जोडून हायड्रॉलिकने उचलण्याची रीत आणली. आजही जगभर तीच चालते. १९३८ मध्ये हेन्री फोर्ड यांच्याशी त्यांनी केवळ हस्तांदोलनावर करार केला. फोर्ड यांच्या नातवाने तो मोडला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये तडजोडीत साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी ट्रॅक्टरचा धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाला.

ट्रान्स्फर केसची अडचण काय?

गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलकडे वाटणारी पेटी म्हणजे ट्रान्स्फर केस. साध्या प्रकारात चेन किंवा गिअर दोन्हींकडचे शाफ्ट एकमेकांना जखडून टाकतात. (‘४ एल’मध्ये याच पेटीतले आणखी गिअर वेग घटवून जोर वाढवतात.) वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, पण शाफ्ट मात्र एकाच वेगाने फिरतात. मातीत चाक जरासे घसरते आणि फरक भरून निघतो. डांबरावर ते घसरत नाही. मग स्टिअरिंग जड होते, टायर घासतात, गिअरवर ताण येतो.

दोन शाफ्टमध्ये डिफरन्शियल बसवले की हा ताण जातो, पण नवे दुखणे सुरू होते. एक चाक चिखलात गरगरू लागले की सगळा वेग तिकडेच पळतो आणि गाडी जागची हलत नाही.

फर्ग्युसन यांनी १९५० मध्ये स्थापलेल्या संशोधन कंपनीत फ्रेडी डिक्सन आणि टोनी रोल्ट हे शर्यतपटू होते. त्यांच्या रचनेत डिफरन्शियल राहिले. मात्र दोन शाफ्टच्या वेगातला फरक ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ लागला की क्लच तो आपोआप रोखत. चालकाने दांडा ओढायची गरजच नाही. गंमत म्हणजे, ज्या ट्रॅक्टरने नाव मिळवून दिले त्याची फक्त मागचीच चाके ओढत.

नमुना गाड्या धावल्या, तरी मोठ्या मोटार कंपन्यांनी ही रचना उचलली नाही. २५ ऑक्टोबर १९६० रोजी फर्ग्युसन यांचे निधन झाले.

पुढे काय झाले?

वर्षही उलटले नव्हते. सप्टेंबर १९६१ मध्ये इंग्लंडच्या ओल्टन पार्कमध्ये, ओल्या ट्रॅकवर, स्टर्लिंग मॉस यांनी ‘फर्ग्युसन पी ९९’ या चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीतून शर्यत जिंकली. १९६६ मध्ये ‘जेन्सन एफएफ’ ही मोटार विक्रीला आली. जेमतेम ३२० गाड्या बनल्या. नंतर रोल्ट यांच्या कंपनीने क्लचच्या जागी सिलिकॉन द्रवात फिरणाऱ्या चकत्यांचे ‘व्हिस्कस कपलिंग’ आणले. १९८० मध्ये अमेरिकेतल्या ‘एएमसी ईगल’ या सर्वसाधारण कौटुंबिक गाडीच्या ट्रान्स्फर केसमध्ये ते बसले.