संत बोएथियस : दहा पदार्थांचे भाष्यकार

पुण्याच्या मंडईत आम्ही शिरतो तेव्हा प्रथम नजरेत भरते ती मांडणी. १८८६ साली उभ्या राहिलेल्या त्या अष्टकोनी वास्तूत प्रत्येक वस्तू आपापल्या जातीत विसावलेली असते. ही विभागणी वस्तूंतच आहे की आपल्या बोलण्यात? ॲरिस्टॉटलने द्रव्य, परिमाण, गुण, संबंध आदी दहा पदार्थ सांगितले, आणि पुढे वाद पेटला तो याच प्रश्नावर. (आपल्या वैशेषिकांनीही ‘पदार्थ’ हाच शब्द योजला, मंडईच्या परिसरात मात्र त्याने खाण्याचेच आठवते!)

प्लोटायनसने या यादीवर कठोर टीका केली. त्याचा शिष्य पोर्फिरी याने तोड काढली : ग्रंथाचा विषय वस्तूंचा बोध करून देणारे शब्द हा आहे. तीच वाट बोएथियस यांनी लॅटिनमध्ये आणली.

सुमारे ४८० साली रोममध्ये जन्मलेले बोएथियस लहानपणीच पितृछत्राला मुकले. सिमॅकस यांनी त्यांना वाढविले व पुढे जावई करून घेतले. प्लेटो व ॲरिस्टॉटल यांचे समग्र लेखन लॅटिनमध्ये आणण्याचा त्यांचा संकल्प होता. ५१० साली ते कॉन्सल झाले. राज्यकारभाराच्या व्यापातही पदार्थांवरील भाष्य त्यांनी सोडले नाही.

पवित्र त्रैक्यावरील छोट्या ग्रंथात त्यांनी हेच दहा पदार्थ परमेश्वराला लावून पाहिले. परमेश्वर न्यायी आहे म्हणजे त्याला न्यायाचा गुण जडला आहे असे नव्हे. तो स्वतःच न्याय आहे. उरतो संबंध. गिऱ्हाईक निघून गेले की विक्रेत्याचे विक्रेतेपण सरते, पण त्या माणसात काही उणे होत नाही. तद्वत पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही नावे संबंधाची आहेत; द्रव्य एकच. हा युक्तिवाद आम्हाला आजही अवघड वाटतो, पण टाळता येत नाही.

एरियन पंथीय राजा थिओडोरिकच्या दरबारी ते ५२२ साली उच्चाधिकारी झाले. राजद्रोहाचा आरोप आलेल्या अल्बायनस या सिनेटराची त्यांनी बाजू घेतली, आणि तोच आरोप त्यांच्यावर उलटला. तुरुंगात त्यांनी तत्त्वज्ञानाकडून मिळालेल्या सांत्वनाचा ग्रंथ लिहिला. त्यात ख्रिस्ताचे नाव कोठेही येत नाही, याचे विद्वानांना कोडे आहे. सुमारे ५२४ साली त्यांना देहदंड झाला. पाव्हिया येथे, संत ऑगस्टीन यांच्या कबरीच्याच मंदिरात, त्यांचे अवशेष आहेत. पोप तेरावे लिओ यांच्या काळात, १८८३ साली, तेथील त्यांच्या उपासनेस मान्यता मिळाली. २३ ऑक्टोबर हा त्यांचा सण.

१७८१ साली कांटने ॲरिस्टॉटलची यादी तत्त्वाविना गोळा केलेली ठरवून स्वतःची बारांची यादी मांडली. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात बोएथियस यांच्या त्रैक्यावरील ग्रंथावर भाष्य आरंभिले होते. ते दुसऱ्या अध्यायातच थांबले. दहा पदार्थांचे विवेचन चौथ्यात आहे.