ओन्नेस यांचं अपुरं स्वप्न, आजचा स्विच

उधना (सुरत) : उधन्याच्या लूमवर आपली कितीतरी खान्देशी माणसं राबतात. स्विच दाबला की लूम सुरू, हे रोजचंच. पण एकही भाग न हलणारा स्विचही असतो. त्याचं मूळ हेइके कामरलिंग ओन्नेस या डच शास्त्रज्ञाच्या कामात आहे.

जन्म १८५३, ग्रोनिंगन. लायडनला प्राध्यापक झाल्यावर त्यांनी उपकरणं बनवणारे कारागीर घडवायला शाळाच काढली. १९०८ मध्ये हेलियम वायू द्रवरूप केला. १९११ मध्ये उणे २६९ अंशांच्या आसपास पाऱ्याचा विजेला होणारा विरोध एकदम नाहीसा झाला. यालाच अतिवाहकता म्हणतात. १९१३ मध्ये नोबेल मिळालं.

अशा तारांची वेटोळी करून जबरदस्त चुंबक बनवायचा, हे त्यांचं स्वप्न. पण प्रवाह किंवा चुंबकत्व ठराविक मर्यादेपलीकडे गेलं की विरोध परत येई. स्वप्न अपुरंच राहिलं. १९२६ मध्ये ते गेले.

आज तीच अडचण कामी येते. अतिवाहक पातळ थरातून मोठा प्रवाह विनाअडथळा जातो. बाहेरून उष्णता किंवा चुंबकत्वाचा झटका दिला की थरात क्षणात विरोध उभा राहतो आणि प्रवाह रोखला जातो. ज्या मर्यादेनं त्यांचा चुंबक अडला, तीच आता स्विच झाली आहे.