अमेरिकेचे गुलाम आणि जोतीरावांचा हौद



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी डोक्याला पागोटे बांधलेल्या एका पुरुषाची तसबीर असते. मुले विचारतात, हे कोण? आपण म्हणतो, महात्मा फुले, मुलींची शाळा काढणारे. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना आपले गुरू मानले, ते का, हे मुलांना सांगता आले पाहिजे. त्यासाठी आज पुण्याबरोबरच दूरच्या अमेरिकेकडेही पाहू या.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. वडील गोविंदराव फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा करीत. जोतीराव वर्षाचे होण्याआधीच आई चिमणाबाई वारल्या आणि सगुणाबाईंनी त्यांना वाढविले. पेशवाई १८१८ साली बुडाली होती. परंतु राज्य गेले तरी रूढी गेल्या नव्हत्या. शूद्रातिशूद्रांनी आणि स्त्रियांनी शिकणे हे पापच समजले जाई.

त्याच काळात अमेरिकेत काय चालले होते? १७७६ साली त्या देशाने सर्व माणसे समान आहेत असे जगाला जाहीर केले. पण तो जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबत होते. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी झाली, तरी गुलाम आईचे मूल जन्मतःच गुलाम ठरे. दक्षिणेत कापसाचे मळे वाढत गेले, तसे गुलामही वाढत गेले. १७९० साली ते सुमारे ७ लाख होते. १८६० साली सुमारे ४० लाख झाले. दक्षिणेतील कित्येक राज्यांनी तर गुलामाला लिहावाचावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा ठरविला. वाचकहो, हे वाचताना तुम्हाला मनूची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही! जन्मावरून माणसाची किंमत ठरवायची आणि त्याने ती किंमत मान्य करावी म्हणून त्याला अक्षरापासून दूर ठेवायचे, ही रीत दोन्हीकडे एकच होती.

परंतु त्याच अमेरिकेत या अन्यायाविरुद्ध उठणारी माणसेही होती. स्वतः गुलामीतून निसटलेले काळे लोक होते आणि त्यांच्यासाठी आपल्याच समाजाचा रोष पत्करणारे गोरेही होते. जोतीरावांवर संस्कार झाला तो या दुसऱ्या अमेरिकेचा. १८४७ च्या सुमारास त्यांनी थॉमस पेनचा माणसाच्या हक्कांवरील ग्रंथ वाचला. पेन जन्माने इंग्रज, पण अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी त्याने लेखणी झिजविली होती. पुढच्याच वर्षी एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला. पुस्तकात वाचलेला प्रश्न आता त्यांच्या स्वतःच्या अंगावर आला.

त्याच सुमारास त्यांनी अहमदनगरला अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहिली. ती चालविणाऱ्या मिस फॅरार या बाई जोतीरावांच्या जन्मसालीच, म्हणजे १८२७ साली, अमेरिकेहून आल्या होत्या. मिशनऱ्यांचा हेतू अर्थात आपला धर्म वाढविण्याचाही होता. जोतीरावांनी त्यांच्याकडून शिक्षणाची दृष्टी घेतली, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८४८ सालीच त्यांनी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल पडे. समाजाच्या धाकाने वडिलांनी या दोघांना घराबाहेर काढले. तरीही शाळा वाढतच गेल्या आणि महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाली.

त्या शाळेतील मुक्ता नावाच्या १४ वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. पेशवाईत महार-मांगांचे झालेले हाल तिने त्यात निर्भयपणे मांडले. परंतु ती तेवढ्यावर थांबली नाही. महारही स्वतःला मांगांहून श्रेष्ठ समजतात आणि त्यांना मांगाच्या सावलीचा विटाळ होतो, हेही तिने लिहिले. बंधूंनो, हे वाचून आपल्याला बोचते. ते बोचलेच पाहिजे.

इकडे हे कार्य चालू असताना अमेरिकेत गुलामीच्या प्रश्नावरून उत्तर व दक्षिण यांच्यात १८६१ पासून चार वर्षे यादवी युद्ध झाले आणि १८६५ साली राज्यघटनेतच दुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली. पुण्यात जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यासाठी ते ना कोणा राजाच्या हुकमाची वाट पाहत बसले, ना जातभाईंच्या संमतीची.

१८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केला, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. माझ्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. पहा, जोतीरावांनी अमेरिका कधी पाहिली नव्हती. पण तिथल्या गुलामाचे दुःख त्यांना शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचे सख्खे भावंड वाटले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १८८८ साली मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले.

जोतीराव बौद्ध नव्हते. ते एक निर्मिक मानीत. आपण मानीत नाही. तरीही त्यांचा वारसा आपल्यापर्यंत अखंड आला आहे. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१९ साली सार्वजनिक विहिरी व पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेलेल्या बाबासाहेबांना याच महाराजांनी १९२० च्या माणगाव परिषदेत बहुजनांपुढे आणले. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरील आपला ग्रंथ जोतीरावांनाच अर्पण केला आणि १९५६ साली आपल्याला धम्म दिला.

अमेरिकेत कायद्याने गुलामी संपल्यावरही काळ्यांना समान नागरी हक्कांचा कायदा मिळायला १९६४ साल उजाडले. आपल्या घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तरी ती कुठे कुठे उरली आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. पण ती आपल्या उंबरठ्याच्या आतही उरलेली नाही ना, हे कोण पाहणार? मातंग शेजारी घरी आला तर त्याला आपल्याच पेल्यात पाणी मिळते काय? मुलीचे शिक्षण चालू असताना तिच्या लग्नाची घाई आपण करतो काय? सोयरिकीची गोष्ट निघाली की बावीस प्रतिज्ञा विसरून जुनी पोटजात आठवते काय?

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर मुलांना त्या तसबिरीजवळ बसवा, मुक्ताची आणि हौदाची गोष्ट सांगा आणि मग हे तीन प्रश्न मुलांसमोरच स्वतःला विचारा.

जय भीम!